एकसंध हिजरी दिनदर्शिका : गणित आणि अधिकार

इस्लामी महिन्याचा आरंभ चंद्रकोरीच्या दर्शनाशी निगडित आहे. इजिप्तचे हदीस-अभ्यासक अहमद मुहम्मद शाकिर यांनी १९३९ मध्ये असे प्रतिपादन केले की, आरंभीचा समाज गणितज्ञ नव्हता म्हणून डोळ्यांनी पाहण्याचा नियम आला. ते कारण संपल्यावर गणित स्वीकारणे हेच धर्मसंगत होय. ही मांडणी तर्कशुद्ध आहे. मात्र गणित स्वीकारल्यावर ऐक्य आपोआप साधेल, हे गृहीतक टिकत नाही.

२०१६ च्या इस्तंबूल परिषदेने सूर्यास्तसमयी चंद्राची उंची ५ अंश व सूर्यापासूनचे कोनीय अंतर ८ अंश, असा निकष ठरविला. पृथ्वीवर कोठेही तो पूर्ण झाला की, वेळेच्या काही अटींसह, सर्वत्र नवा महिना सुरू होतो. इंडोनेशियातील मुहम्मदिया संघटनेने २०२५ मध्ये हीच पद्धत अंगीकारली. त्याच देशाचे शासन मात्र स्थानिक क्षितिजावर ३ व ६.४ अंशांचा प्रादेशिक निकष मानते. दोन्ही पक्ष गणित जाणतात, तरीही ईदचे दिवस भिन्न ठरू शकतात.

याचे कारण स्पष्ट आहे. चंद्राचे स्थान खगोलशास्त्र सांगते. परंतु कोणत्या आकाशातील चंद्र सर्वांना बंधनकारक मानावा, हे ते सांगू शकत नाही. तो प्रश्न धार्मिक अधिकाराचा व परस्पर संमतीचा आहे. त्यास बगल देणारी दिनदर्शिका अचूक असेल, परंतु एकसंध ठरणार नाही.