चुकून घोड्याला माणसाचं डोकं येत नाही

मॅसिडोनचा राजा दुसरा फिलिप (इ.स.पू. ३५९–३३६) याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला झ्यूसचं डोकं आहे, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. ही नाणी डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातल्या केल्टिक टोळ्यांपर्यंत पोचली आणि त्यांनी याच नमुन्यावर स्वतःची चांदीची नाणी पाडली. दोन्हींचे फोटो फोनवर शेजारी ठेवून पाहा. झ्यूसचे केस, दाढी आणि पानांची माळ यांच्या हळूहळू ठिपक्यांच्या आणि वळणांच्या रांगा होतात. स्वाराचं कधी नुसतं धड उरतं. घोड्याचे सांधे मात्र टपोरे गोळे होऊन उठून दिसतात.

याला काय म्हणायचं? जॉन इव्हान्सनं १८६४च्या आपल्या ग्रंथात ब्रिटनमधल्या केल्टिक सोन्याच्या नाण्यांची वंशावळ फिलिपच्याच सोन्याच्या नाण्यापर्यंत नेली. नकलेची नक्कल होताना चित्र बिघडत गेलं, असं त्याचं म्हणणं. कोणतं नाणं आधीचं, कोणतं नंतरचं, हे ठरवायला ही पद्धत फार उपयोगी आहे. पण तिच्यात ‘नंतरचं’ म्हणजे आपोआप ‘वाईट’ ठरतं.

१९२९मध्ये जॉर्ज बातायनं बाजू उलटवली. तो पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नाण्यांच्याच विभागात नोकरीला होता. त्याला गॉलच्या नाण्यांवरच्या विस्कटलेल्या घोड्यांत ग्रीक शिस्तीला दिलेला नकार दिसला. नजर ताजी होती, पण त्या नादात त्यानं केल्टांना रानटीच ठरवलं. एकाच्या लेखी कारागीर ढ, दुसऱ्याच्या लेखी बेभान. विचार करून ठसा कोरणारा माणूस दोघांच्याही हातून निसटला.

तो माणूस नाण्यांतच सापडतो. २०१२मध्ये जर्सी बेटावर सुमारे ७०,००० नाण्यांचा साठा मिळाला. त्यातली बहुतेक गॉलमधल्या कोरिओसोलिती टोळीची, चांदी-तांब्याच्या मिश्रणाची. या टोळीच्या नाण्यांवर घोड्याला माणसाचं डोकं आहे. हात चुकला तर पाय वाकडा येईल, रेघ पुसट होईल. घोड्याच्या मानेवर माणसाचा चेहरा चुकून येत नाही. तो कुणीतरी ठरवून कोरावा लागतो.

केल्टांबद्दलचं बरंचसं जुनं लेखन ग्रीक-रोमनांचं आहे, त्यातही गॉल जिंकणाऱ्या सीझरचं. त्यांच्या स्वतःच्या हातचं जे उरलंय, त्यात ही नाणी आहेत. त्यांना ‘बिघडलेली नक्कल’ म्हटलं, की केल्टांच्या नाण्यावरही शेवटचा शब्द ग्रीकांचाच राहतो.