०.६६७ दिसलं की थांबा

पार्किंगवर आणि तिथवर जाणाऱ्या रस्त्यावर पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचा निचरा, हा विषय पीएचडीच्या मानाने किरकोळ वाटेल. पण यावरचे पेपर वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. तुम्ही लिटरेचर रिव्ह्यूला बसणार असाल, तर ती ओळखता यायला हवी.

आधी हिशोब बघू. गटार किंवा पाइप किती मोठा हवा हे काढायला आपण रॅशनल मेथड वापरतो. मुल्वानी या आयरिश इंजिनिअरने ती १८५१ मध्ये मांडली. रनऑफ गुणांक, पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार केला की कमाल प्रवाह मिळतो. समजा, ६० बाय ४० मीटरचं डांबरी पार्किंग आहे आणि गुणांक ०.९ धरला. क्षेत्रफळ टेपने मोजता येतं, गुणांकावर फार भांडण होत नाही. सगळा घोळ तीव्रतेत असतो.

तीव्रता किती वेळाची घ्यायची? सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातलं पाणी जाळीपर्यंत पोहोचायला जितका वेळ लागतो, तितक्या वेळाची. एवढ्याशा पार्किंगला तो वेळ साधारण ५ ते १० मिनिटं असतो, आत येणाऱ्या छोट्या रस्त्यालाही तसाच. म्हणजे आपल्याला १० मिनिटांचा पाऊस हवा. आणि हातात काय असतं? बहुतेक ठिकाणी सकाळी साडेआठला मोजलेला २४ तासांचा एकच आकडा.

ही फट बुजवायला हवामान खात्याचं एकतृतीयांश घाताचं सूत्र वापरलं जातं. हव्या त्या तासांना २४ ने भागा, घनमूळ काढा, त्याने दिवसाच्या पावसाला गुणा. दिवसाचा पाऊस २४० मिमी धरू. सरळ सरासरी घेतली तर ताशी १० मिमी, म्हणजे आपल्या पार्किंगमधून सेकंदाला ६ लिटर. सूत्राने एका तासाचा पाऊस काढला तर ८३ मिमी, म्हणजे ५० लिटर. १० मिनिटांवर आलात तर तीव्रता ताशी २७५ मिमी, म्हणजे १६५ लिटर. पार्किंग तेच, पाऊस तोच, पाइप मात्र तीन वेगळे!

सूत्र वापरण्याबद्दल माझी तक्रार नाही. डेटा नसताना इंजिनिअरला काहीतरी धरावंच लागतं. तक्रार पुढच्या पायरीबद्दल आहे. बऱ्याच पेपरांत याच सूत्राने १५ मिनिटं, ३० मिनिटं, १ तास, २ तास असे आकडे तयार करतात, त्यांतून तीव्रता-कालावधी-वारंवारतेचं समीकरण बसवतात, आणि आर-स्क्वेअर ०.९९ आला म्हणून समीकरण विश्वासार्ह असल्याचं लिहितात. अहो, येणारच ना! पाऊस वेळेच्या एकतृतीयांश घातात वाढतो असं तुम्हीच धरलंत. तीव्रता काढायला त्याला वेळेने भागलं की घात उणे दोनतृतीयांश होतो. म्हणून समीकरणात कालावधीचा घात ०.६६७ येतो. गाव कुठलंही असो, उत्तर तेच. तो आकडा पावसाबद्दल काहीच सांगत नाही. आपण जे आत घातलं तेच बाहेर आलं.

खरा पाऊस असा वागतो का? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. सूत्रानुसार त्यातल्या सगळ्यात जोरदार तासात सुमारे ३२७ मिमी पडायला हवा होता. नोंद आहे सुमारे १९० मिमीची. म्हणजे इथे सूत्र जास्त सांगतं. आता सोलापूरकडचा वळीव आठवा. तासाभरात सगळं आटोपतं आणि नंतर आभाळ मोकळं. दिवसाचा जवळजवळ सगळा पाऊस त्या एका तासात, आणि सूत्र म्हणतं ३५ टक्के. इथे ते कमी सांगतं. कोकणातली संततधार आणि देशावरचा वळीव एकाच घातात बसवायचे, तर निदान तपासून तरी बघायला नको का? एका ठिकाणी पाइपवर पैसे उगाच जातात, दुसऱ्या ठिकाणी पाणी बेसमेंटमध्ये उतरतं.

म्हणून असा पेपर हातात आला की निष्कर्षाआधी डेटाचा भाग वाचा. पाऊस किती मिनिटांच्या अंतराने मोजला होता? कालावधीचा घात किती आला? ०.६६७ च्या आसपास असेल तर आर-स्क्वेअरकडे बघूसुद्धा नका.

स्वतःचं काम करणार असाल तर स्वयंनोंद पर्जन्यमापकाचा डेटा मागा. पुण्यात हवामान खात्याचं राष्ट्रीय डेटा केंद्र आहे, तिथे रीतसर अर्ज करता येतो. तासाचा डेटा मिळाला तरी एकतृतीयांशऐवजी तुमच्या ठिकाणचा घात काढता येईल. तासाच्या खाली उतरताना मात्र तो घातही गृहीतकच राहतो, तसं स्पष्ट लिहा. आणि घात थोडा बदलला तर पाइपचा व्यास किती बदलतो, याचा एक तक्ता जोडा. परीक्षक पहिला प्रश्न बहुधा तिथेच विचारेल.