पुरावा आणि सभा : ‘जाने भी दो यारो’मधील शोधाचे प्रहसन

रहस्यकथा वाचकाशी एक करार करते. गुन्हा घडेल, तो झाकला जाईल. पण शोध पूर्ण होताच जगाची विस्कटलेली घडी पुन्हा बसेल, असा तो करार. त्झ्वेतान तोदोरोव यांनी या प्रकारात दोन कथा एकत्र नांदत असल्याचे दाखविले आहे : एक गुन्ह्याची, दुसरी शोधाची. मराठी वाचकाच्या अंगवळणी हा करार पडला तो प्रामुख्याने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमुळे. कुंदन शहा दिग्दर्शित ‘जाने भी दो यारो’ (१९८३) हा हिंदी चित्रपट तो करार वरवर स्वीकारतो आणि अखेरीस मोडतो. त्यातील विनोदाचे मूळ या करारभंगातच आहे.

विनोद आणि सुधीर (नसीरुद्दीन शहा, रवी बासवानी) हे मुंबईतील दोन होतकरू छायाचित्रकार. ते गुप्तहेर होतात ते पोटासाठी. ‘खबरदार’ या नियतकालिकाची संपादिका शोभा सेन (भक्ती बर्वे) त्यांना तरनेजा हा बिल्डर व महापालिका आयुक्त डिमेलो यांच्या व्यवहारांमागे लावते. पुढे एक छायाचित्र मोठे करताना त्यात खून दिसतो. ही कल्पना आंतोनिओनीच्या ‘ब्लो-अप’वरून (१९६६) घेतलेली आहे, उद्यानाला ‘आंतोनिओनी पार्क’ असे नाव देऊन ते ऋण उघडपणे मान्यही केले आहे.

साम्य मात्र येथेच संपते. आंतोनिओनीच्या छायाचित्रकाराला पडलेला प्रश्न ज्ञानाचा आहे : जे दिसले ते खरोखर होते काय? विनोद-सुधीरना ही शंका शिवतही नाही. खुनी कोण हे त्यांना ठाऊक आहे, छायाचित्र हाती आहे, पुढे प्रेतही हाती लागते. उणीव आहे ती पुरावा ऐकून घेणाऱ्याची. ज्या शहरात बिल्डर, अधिकारी आणि संपादिका एकाच सौद्याचे भागीदार आहेत, तेथे सत्य सापडणे ही घटनाच ठरत नाही. महाराष्ट्रात १९८२ मध्ये सिमेंटवाटपाच्या प्रकरणी उच्च न्यायालयाच्या निकालानंतर मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे पूल आणि सिमेंट यांभोवती फिरणारा हा विनोद हवेतून आलेला नाही, हे पटते.

या आशयसूत्राचा परमोत्कर्ष महाभारताच्या नाट्यप्रयोगात होतो. डिमेलोचे प्रेत द्रौपदीच्या वेषात रंगमंचावर येते. पुरावा वाचवायचा तर वस्त्रहरण रद्द करणे भाग. म्हणून संहिता मोडते, पांडव-कौरवांत सलीम-अनारकलीची पात्रे शिरतात आणि आंधळा धृतराष्ट्र हे काय चालले आहे, असे विचारीत राहतो. मराठी प्रेक्षकाला येथे गंगाराम गवाणकरांचे ‘वस्त्रहरण’ (१९८०) आठवणे स्वाभाविक आहे. पण त्या नाटकातील गोंधळ गावकऱ्यांच्या हौसेचा व अपुऱ्या तयारीचा आहे, निरागस आहे. चित्रपटातील गोंधळाच्या पोटात खून आहे.

हाच प्रवेश गोंदियाच्या अर्जुनी-मोरगाव परिसरातील प्रेक्षकाच्या नजरेने पाहिला तर त्याला आणखी एक परिमाण लाभते. धानाची कापणी आटोपल्यावर, शंकरपटाच्या निमित्ताने रात्रभर नाटके पाहणारा झाडीपट्टीचा हा प्रेक्षक दंडार आणि तिच्यातील सोंगे यांच्या परंपरेत वाढलेला आहे. पौराणिक कथेत वर्तमानाने डोकावणे त्याला नवे नाही. मात्र कथा मोडली तरी तिचा गाभा काय, हे तो जाणतो. सभापर्वाचा गाभा वस्त्र नसून द्रौपदीचा प्रश्न हा आहे : स्वतःला आधी हरलेल्याला पत्नी पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? तो प्रश्न विधीचा आहे आणि सभा निरुत्तर आहे. शहा यांच्या चित्रपटात सभा तीच आहे. प्रश्न विचारणारी द्रौपदी मात्र प्रेत आहे. शिवाय ते प्रेत एका भ्रष्ट अधिकाऱ्याचे आहे. पुरावा मुका आणि बळीही निर्दोष नाही. हसणाऱ्या प्रेक्षागृहाला आपण कशाचे साक्षीदार आहोत, याचा पत्ता नसतो.

चित्रपटाला उणिवा नाहीत असे नाही. टेलिफोनचा प्रसंग स्वतःच्याच गमतीत रमतो. शोभा सेनचे स्खलन गृहीत धरले जाते, उलगडले जात नाही. भक्ती बर्वे यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्रीला त्यामुळे पुरेसा अवकाश मिळत नाही. तथापि शेवट या उणिवांवर मात करतो. कोसळलेल्या पुलाचा दोष निरपराधांवर येतो. शाळाशाळांतून म्हटले जाणारे आशागीत ऐकू येत असताना कैद्यांच्या कपड्यांतील ते दोघे प्रेक्षकाकडे पाहून गळा कापल्याची खूण करतात. शोधाची कथा पूर्ण झालेली असते; गुन्ह्याची कथा चालूच राहते. रहस्यकथेतील सभा गुप्तहेराचे ऐकून घेते, म्हणून तेथे घडी बसते. या चित्रपटाने शेवटचा पुरावा प्रेक्षकासमोर ठेवला आहे, आणि त्यामुळे निरुत्तर राहण्याची पाळी आता त्या सभेवर आली आहे.