बेजोड सांधा

माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांच्या फडाभोवती दोन तऱ्हेचे गुडघे दिसतात. कडं करून उभ्या राहिलेल्या माणसांचे सरळ आणि मातीत उतरलेल्या पैलवानांचे वाकलेले. बघणारा तास-दोन तास उभा असतो, शेजाऱ्याशी बोलतो, उपरणं सावरतो, पण आपल्या गुडघ्याकडे त्याचं लक्षही जात नाही. पैलवानाचा गुडघा मात्र क्षणभरही पुरता ताठ होत नाही. कपाळाला कपाळ भिडलेलं, मानेवर हात पडलेला, हलगी कडाडतेय, आणि खाली दोन्ही गुडघे जरासे दुमडून सारखे भार बदलत असतात. एकाच सांध्याच्या या दोन अवस्था. एकीत तो इतका मुका की असल्याचं कळू नये, दुसरीत इतका जागा की समोरच्याचा नुसता खांदा हलला तरी त्याने जागा बदललेली असते. गुडघ्याचं थोरपण मला या दोन अवस्थांच्या मधल्या वाटेत दिसतं.

लोहा तालुक्यातलं हे माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावर आहे. मार्गशीर्ष संपत येतो तेव्हा वद्य चतुर्दशीला खंडोबाची देवस्वारी निघते आणि माळावर यात्रा भरते. कुस्त्या, लावणी, घोड्यांचा, गाढवांचा, उंटांचा बाजार, लाल कंधारी जनावरं. गुडघ्याच्या इतक्या तऱ्हा एका माळावर दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतील.

आता आतली रचना बघू. खुब्याचा सांधा समजायला सोपा आहे. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडातल्या खोल खोबणीत बसतं. तिथे हाडालाच हाडाचा आधार आहे. गुडघ्यात तो नाही. मांडीचं हाड खाली दोन वाटोळ्या गाठी घेऊन येतं आणि नडगीचा माथा जवळजवळ सपाट असतो. गोल वस्तू सपाटीवर टेकवलेली, आणि तीही शरीरातल्या सर्वांत लांब दोन हाडांच्या मधोमध. नुसती हाडं एकमेकांवर ठेवली तर हा सांधा उभा राहणार नाही. त्याला उभं करतात ते बंध, गाद्या आणि स्नायू.

त्यातही खरी गंमत पुढे आहे. त्या दोन गाठी सारख्या नाहीत. आतल्या बाजूच्या गाठीचा टेकणारा पृष्ठभाग बाहेरच्यापेक्षा लांब आहे. तिच्याखालची नडगीची बाजू किंचित खोलगट आहे. बाहेरची बाजू सपाट, निरखून पाहिली तर थोडी फुगीरच. त्यामुळे गुडघा दुमडताना आतली गाठ बहुतेक आपल्याच जागी फिरते आणि बाहेरची मागे मागे सरकत जाते. आखूड जागेत बैलगाडी वळवताना आतलं चाक जागच्या जागी फिरतं आणि बाहेरचं लांब फेरा घेतं, तसंच हे. म्हणजे गुडघा दुमडता दुमडता वळतोही. शाळेच्या पुस्तकात त्याला बिजागरीचा सांधा म्हणतात. पहिली ओळख म्हणून ते चालेल, पण या सांध्याचा अर्धा स्वभाव त्यातून निसटतो.

हे पडताळून बघता येतं. खुर्चीवर बसा, तळवा जमिनीला टेकवा, गुडघ्याच्या जरा खाली नडगीवर बोटं ठेवा आणि टाच न उचलता पाऊल बाहेर आणि आत वळवा. बोटांखाली नडगी फिरताना स्पष्ट जाणवते. बाहेरच्या बाजूला ती ४० अंशांपर्यंत जाऊ शकते, आत त्याहून कमी. आता पाय समोर ताठ करा आणि तसंच करून बघा. पाऊल याही वेळी वळेल, पण अख्खा पाय खुब्यातून फिरेल. गुडघ्याने आपलं वळणं बंद केलेलं असतं. ताठ होण्याच्या शेवटच्या १५-२० अंशांत बाहेरच्या गाठीचा प्रवास आधी संपतो, आतलीचा थोडा उरलेला असतो, आणि तेवढ्या उरलेल्या वाटेमुळे नडगी किंचित बाहेर वळते. बंध आवळले जातात, सांधा घट्ट बसतो. मग उभं राहायला मांडीच्या स्नायूंना फारसे कष्ट पडत नाहीत. फडाच्या कडेचा माणूस तासभर उभा राहतो तो याच जोरावर. हे कुलूप उघडायला गुडघ्याच्या मागे एक लहानसा तिरका स्नायू आहे, पॉप्लिटियस नावाचा. बसायला वाकताना पहिली हालचाल तो करतो. त्याचं नाव क्वचितच कुणी घेतं, म्हणून इथे मुद्दाम घेतलं.

पैलवान कुलूप लावून उभा राहत नाही, यामागचं कारण आता उलगडतं. वळण्याची मुभा फक्त दुमडलेल्या गुडघ्याला आहे. प्रतिस्पर्धी पट काढायला खाली झेपावला की पाय मागे फेकायचा, कंबर वळवायची, तीही त्याच क्षणी. ताठ गुडघ्याला ते जमत नाही. आधी कुलूप काढायचं आणि मग वळायचं एवढा वेळच नसतो. तालमीत वस्ताद पोरांकडून शेकड्यांनी बैठका काढून घेतात त्यात दम वाढवणं असतंच, पण दुमडलेल्या गुडघ्यावर भरवसा ठेवायची शिकवणही असते. लावणीतही हेच दिसतं. गिरकीच्या आधी नाचणारीचा गुडघा मऊ होतो, मग पाऊल फिरतं, मग कंबर आणि सर्वांत शेवटी चेहरा. प्रेक्षकांची नजर चेहऱ्यावर खिळलेली असते. पुढच्या वेळी लावणी बघताना थोडा वेळ फक्त नऊवारीच्या काठाकडे बघावं, गिरकी कुठून उगवते ते कळेल.

बंध चार. दोन बाजूंना, दोन सांध्याच्या पोटात. पोटातले दोन एकमेकांना छेदून जातात. पुढचा नडगीला पुढे घसरू देत नाही, मागचा मागे जाऊ देत नाही. वाटोळं हाड सपाटीवरून ओघळत का नाही, याचं बरंचसं उत्तर या दोघांपाशी आहे. पाऊल जमिनीत रुतलेलं, अंग मात्र वळलेलं आणि गुडघा आत पडलेला, अशा अवस्थेत पुढचा बंध तुटतो. कुस्तीत, कबड्डीत, फुटबॉलमध्ये ही दुखापत ओळखीची आहे. आत ‘कट’ असा आवाज झाल्याचं खेळाडू सांगतात आणि काही तासांत गुडघा सुजून येतो.

गाद्या दोन; आतली अर्धचंद्राकार, बाहेरची जवळपास वर्तुळ पुरी करणारी. कडेला जाड, मध्याकडे निमुळत्या. सपाटीवर गोल वस्तू नीट टेकावी म्हणून भोवती उभा केलेला हा कठडा. पाय सरळ असताना बाहेरच्या आणि आतल्या खणातला सुमारे निम्मा भार त्या उचलतात, काटकोनात वाकवल्यावर ८५ टक्क्यांपर्यंत. त्यांना रक्त मिळतं ते फक्त बाहेरच्या कडेला, म्हणून कडेला फाटलेली गादी सांधली जाऊ शकते आणि आतल्या टोकाला फाटलेली सहसा जुळून येत नाही. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला तर रक्तवाहिनीही नाही आणि नसही नाही. चालताना दाब पडतो आणि सुटतो, त्याबरोबर सांध्यातलं वंगण कूर्चेत ये-जा करतं. तिचं पोषण बहुतांशी त्यावरच. निरोगी गुडघ्यात हे वंगण तीन-चार मिलिलीटरच असतं. चालणं हेच गुडघ्याचं अन्न आहे, असं म्हणायला हरकत नाही.

वाटी हा मला या रचनेतला सर्वांत देखणा भाग वाटतो. मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या कंडरेत रुजलेलं हे हाड आहे. अशा प्रकारच्या हाडांत शरीरातलं सर्वांत मोठं. तान्ह्या बाळाची वाटी कूर्चेची असते. तिच्यात हाड धरू लागतं ते तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान, म्हणजे रांगण्याचे दिवस मागे पडल्यावर. वाटीमुळे कंडरा सांध्यापासून दूर राहते आणि कमी जोरात स्नायूला पाय ताठ करता येतो. ती नसेल तर ही ताकद जवळपास तिसऱ्या हिश्श्याने घटते. या सोयीची किंमत वाटी स्वतः मोजते. खोल बैठकीत तिच्यावर शरीराच्या वजनाच्या सात-आठ पट दाब येतो, आणि तिच्या पाठीमागची कूर्चा शरीरातली सर्वांत जाड असते ती बहुधा यासाठीच.

घोड्यांच्या बाजारात आलं की हे बघणं आणखी रंगतं. पारखी माणूस घोड्याचा पुढचा पाय उचलून मधला सांधा दुमडून बघतो. आपण त्याला गुडघा म्हणतो, पण रचनेने ते मनगट आहे. मागच्या पायात उलटा दुमडलेला दिसतो तो घोटा. घोड्याचा खरा गुडघा मागच्या पायात वर, पोटाच्या कडेला लपलेला असतो आणि त्याला वाटीही असते. उभ्या उभ्या डुलकी घेताना घोडा ही वाटी मांडीच्या हाडाच्या आतल्या कडेवर अडकवून ठेवतो. मग पाय दुमडतच नाही. आपलं कुलूप वळण्याने लागतं, त्याचं अडकवण्याने. बैलाची वाटी कधी अशीच वर अडकते आणि सुटत नाही. मागचा पाय ताठ मागे राहतो, झटका देत पुढे येतो. पशुवैद्य आतल्या बाजूचा एक बंध कापतात आणि अनेकदा बैल तिथल्या तिथे चालू लागतो. हे ज्याने पाहिलं त्याला वाटीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

दोन पायांवरच्या चालीचा पुरावाही जमिनीतून गुडघ्यानेच बाहेर काढला. नोव्हेंबर १९७३ मध्ये इथिओपियातल्या हदार इथे डोनाल्ड जोहान्सन यांना सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीच्या एका गुडघ्याची हाडं सापडली. प्रसिद्ध ‘ल्युसी’ त्यानंतर वर्षभराने मिळाली. मांडीचं हाड आत कलून गुडघ्यावर उतरलेलं होतं, आपलं उतरतं तसं. चिंपांझीत हा कल नसतो. या कलामुळेच एका पायावर असताना आपलं पाऊल शरीराच्या भाराखाली येतं, नाहीतर प्रत्येक पावलाला आपण डोललो असतो.

लोह्याच्या शिवारात गुडघ्याची सर्वांत कठीण परीक्षा फडात होत नाही, खुरपणीत होते. चालायला गुडघा ६०-६५ अंश वाकला तरी पुरतो, जिन्याला ९०च्या आसपास लागतो. उकिडवं बसून सोयाबीनची ओळ धरणाऱ्या बाईचा गुडघा १५० अंशांच्या पुढे दुमडलेला असतो. मांडी पोटरीला टेकते, बाहेरची गाठ नडगीच्या अगदी मागच्या कडेपर्यंत सरकलेली असते. तसंच पुढे पुढे सरकत ती दुपार करते. या कष्टाला टाळ्या मिळत नाहीत, पण शरीररचनेच्या दृष्टीने गुडघ्याचा हा परमावधीचा आविष्कार आहे. आणि तो वर्षानुवर्षं, पुरेशा विश्रांतीशिवाय करायला लावणं हे योग्य नाही, असं मला ठामपणे वाटतं.

मग झीज येते. एक्स-रेत दोन हाडांच्या मधे जी काळी फट दिसते ती पोकळी नसते. कूर्चा आणि गादी एक्स-रेत उमटत नाहीत, म्हणून ती जागा रिकामी दिसते. फट अरुंद झाली म्हणजे कूर्चा गेली. बहुतेकांची आधी आतल्या बाजूची जाते, कारण चालताना जास्त भार तिकडूनच उतरतो. पाय बाहेर कमानदार होतात ते यामुळे.

गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाली त्यात मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयाचा वाटा आहे. २००० साली तिथे पंतप्रधान वाजपेयी यांच्या गुडघ्यावर डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केली. पुण्याच्या डॉ. कांतिलाल संचेती यांनी ‘इंडस नी’ हा देशी कृत्रिम सांधा घडवला, तो आपल्याकडच्या हाडांचं माप आणि आपलं खाली बसणं डोळ्यांसमोर ठेवून. धातू आणि प्लॅस्टिकच्या सांध्यात पुढचा छेदक बंध बहुधा काढूनच टाकतात. मागचाही काढला तर त्याच्या जागी प्लॅस्टिकचा एक खुंट उभा करून त्याचं काम भागवतात. अलीकडच्या काही सांध्यांत आतली बाजू मुद्दाम खोलगट आणि बाहेरची सपाट ठेवतात, म्हणजे आतली गाठ जागी फिरेल आणि बाहेरची मागे सरकेल. तरीही वेदना गेलेल्या आणि सरळ चालू लागलेल्या कित्येकांना डॉक्टर शेतात उकिडवं बसू नका असंच सांगतात.