६२ टक्के घट, पण चोऱ्या नक्की किती कमी झाल्या?

ॲब्स्ट्रॅक्टमधला सगळ्यात मोठा आकडा वाचून पेपर मिटायची सवय असेल, तर आजचा पेपर तुमच्यासाठीच आहे. डॅनियल नेटल, केनेथ नॉट आणि मेलिसा बेटसन यांचा हा पेपर २०१२ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये आला. विषय सायकलचोरीचा. न्यूकॅसल विद्यापीठाच्या आवारात तीन सायकल स्टँडवर त्यांनी पाट्या लावल्या. पाटीवर रोखून बघणाऱ्या डोळ्यांचा फोटो आणि 'चोरांनो, आमचं तुमच्यावर लक्ष आहे' अशा अर्थाचा मजकूर. आवारातले बाकीचे स्टँड पाटीविना ठेवले, म्हणजे ते झाले कंट्रोल. मग पाटीआधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक वर्ष ताडून पाहिलं.

पाटीच्या ठिकाणी चोऱ्या ३९ वरून १५ वर आल्या. हीच ती ६२ टक्के घट. पण कंट्रोलच्या ठिकाणी त्या ३१ वरून ५१ वर गेल्या, म्हणजे ६५ टक्के वाढ. आता साधी बेरीज करा. आधी ७०, नंतर ६६. अख्ख्या आवारात फक्त चार चोऱ्या कमी! चोर थांबला नाही, शेजारच्या स्टँडवर गेला, असं यातून दिसतं. लेखकांनी ही गोष्ट लपवलेली नाही, आणि पेपरची खरी ताकद मला तीच वाटते. कंट्रोल मोजलाच नसता तर आपण सगळे ६२ टक्क्यांवर टाळ्या वाजवून मोकळे झालो असतो.

तरीही मला तीन हरकती घ्याव्याशा वाटतात.

पहिली, पाटीत डोळे आणि मजकूर एकत्रच आहेत. परिणाम डोळ्यांचा की शब्दांचा, हे या रचनेतून वेगळं करताच येत नाही. डोळ्यांच्या चित्रामुळे माणसं जास्त उदार होतात, या कल्पनेलाही २०१७ च्या एका मेटा-ॲनालिसिसमध्ये आधार मिळाला नाही.

दुसरी, ७० पैकी ३९ चोऱ्या फक्त तीन ठिकाणी झालेल्या होत्या. जिथे आकडा आधीच फुगलेला असतो, तिथे तो पुढच्या वर्षी काहीही न करता थोडा खाली येऊ शकतो. पाटी कुठे लावायची हे चिठ्ठी टाकून ठरलं असतं, आणि ठिकाणं जास्त असती, तर ही शंका बरीच कमी झाली असती.

तिसरी हरकत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ३९ चोऱ्या म्हणजे ३९ स्वतंत्र घटना नव्हेत. एकाच टोळीने दहा सायकली नेल्या असतील, तर निर्णय घेणारे दहा नाहीत, एकच आहे. आपल्याकडच्या बातम्या आठवा: स्थानिक गुन्हे शाखा एकाला पकडते आणि त्याच्याकडून एकदम अनेक गाड्या निघतात. नेहमीच्या चाचण्या प्रत्येक चोरी सुटी धरतात, त्यामुळे निकाल आहे त्यापेक्षा पक्का वाटतो.

आता समजा, तुम्हाला हाच प्रयोग अहिल्यानगरमध्ये, सावेडीत किंवा माळीवाडा बसस्थानकाजवळ, इलेक्ट्रिक सायकलींवर करायचाय. डेटा कुठून आणाल? २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी पेडलवाली सायकल नियमाने मोटार वाहनात धरली जात नाही. आरटीओ नोंदणी नाही, नंबरप्लेट नाही. चोरी झाली की तपासाला हाताशी राहतं ते बिल, फ्रेम नंबर, मोटरचा नंबर आणि सीसीटीव्ही. बिल हरवलेलं, नंबर टिपलेला नाही, तर कोतवाली किंवा तोफखाना ठाण्याची पायरी कितीजण चढतील? एनसीआरबीच्या वार्षिक अहवालातही मोटार वाहनचोरीचा रकाना वेगळा असतो. ही सायकल त्यात बसत नाही, ती 'इतर चोऱ्यां'मध्ये मिसळून जाते.

वर कालमालिकेचा घोळ आहेच. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भादंवि ३७९ ऐवजी भारतीय न्याय संहितेच्या ३०३(२) खाली नोंदवला जातो, आणि त्याच वर्षी जिल्ह्याचं नावही बदललं. जुन्या कलमाने आणि जुन्या नावाने फाईल शोधलीत, तर मधूनच आकडे गायब होतील आणि तुम्ही म्हणाल, चोऱ्या घटल्या! उलटं पण होऊ शकतं. तुमच्या पाट्यांमुळे लोक जागे झाले आणि तक्रारी वाढल्या, तर चोऱ्या वाढल्याचं दिसेल. नोंदलेली चोरी आणि झालेली चोरी ही दोन वेगळी मोजमापं आहेत.

म्हणून प्रयोगाआधी एक कंटाळवाणं काम करा. निवडलेल्या स्टँडवर रोज ठरलेल्या वेळी उभ्या सायकली मोजा, मालकांना तयार करून फ्रेम नंबर टिपून ठेवा, आणि सायकल गेली का, तक्रार दिली का, हे दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. आजूबाजूचे स्टँडही त्याच वहीत घ्या.

माझं मत विचाराल तर हा पेपर जरूर वाचा, सेमिनारलाही घ्या. पाटी चालते याचा पुरावा म्हणून तो कमकुवत आहे. पण 'कमी झालं' म्हणण्याआधी 'मग गेलं कुठे?' हे विचारायला तो शिकवतो. तुमच्या सायनॉप्सिसमध्ये हा प्रश्न कुठे आहे, ते आज एकदा बघा.