श्रीमंतांवर हसून झालं, आता भाड्याचं बोलू

म्युनिकच्या ‘शिकेरिया’चा, म्हणजे मिरवणाऱ्या श्रीमंत मंडळींचा विषय निघाला की कुणीतरी ‘किर रॉयाल’ काढतंच. हेल्मुट डीटलची १९८६ची सहा भागांची टीव्ही मालिका. जर्मन जेमतेम येत असलं तरी पहिला भाग पाहाच. त्यात हाफेनलोहर नावाचा गोंदाचा कारखानदार म्युनिकला येतो. बेबी शिमर्लोसच्या गॉसिप स्तंभात आपलं नाव यावं एवढीच त्याची इच्छा. खिशात पैसा मायंदाळ, पण आत कुणी घेईना! मारिओ आडोर्फने त्याची अगतिकता आणि दांडगाई दोन्ही अशी रंगवलीय की हसता हसता भीती वाटते.

पण माझी एक तक्रार आहे. टेबलावर कोण बसलंय याकडेच मालिकेचं लक्ष. त्या गल्लीत राहणं कुणाला परवडतं, हा तिचा प्रश्नच नाही. आणि तुमचा-माझा तर तोच आहे ना? ब्रंचला आपण गेर्टनरप्लात्झला, झोपायला एस-बानने पार शहराच्या टोकाला.

माक्सिमिलियानश्ट्रासच्या काचा बघून झाल्या की फिक्टुआलिएनमार्क्टमधून चालत म्युलरश्ट्रासला या. ७ नंबरला ‘द सेव्हन’ नावाचा टॉवर आहे. शहराला ऊब पुरवणारं जुनं केंद्र होतं ते, आता आत आलिशान फ्लॅट. लोअर परळला फिनिक्स मिलचा मॉल झाला आणि चिमणी शोभेला उरली, ते आठवतं? तीच जातकुळी.

जवळच २ ते ६ नंबरची घरं आहेत. शहराच्या मालकीची, पाडायला काढलेली. २०१३मध्ये ‘गोल्डग्रुंड’ या गटाच्या लोकांनी गोरिलाचे मुखवटे चढवून त्यातला एक फ्लॅट स्वतःच दुरुस्त करून दाखवला. राहण्याजोगी नाहीत म्हणता? हे घ्या! आज तिथे ‘बेलेव्यू दि मोनाको’ आहे. नाव मुद्दाम बिल्डरच्या जाहिरातीतलं वाटावं असं. आत मात्र निर्वासितांची घरं, खाली कॅफे, आणि छतावर चक्क खेळाचं मैदान.

विनोद म्हणून मला गोरिलांचा जास्त आवडतो. डीटलच्या विनोदावर हाफेनलोहरसुद्धा खूश झाला असता, नाव आलं ना! गोरिलांनी कुणाचंच नाव छापलं नाही, पण घरं वाचली. तिथल्या कॅफेत बसून ‘किर रॉयाल’चा पहिला भाग पुन्हा लावा, आणि बघा हाफेनलोहरवर तेवढंच हसू येतं का.