निस्सेन यांचं सैल वेटोळं

छातीत जळजळ, आंबट ढेकर, आडवं झालं की घशाशी येणारं जेवण. या चिवट दुखण्यावर रुडॉल्फ निस्सेन यांनी बाझेलमध्ये १९५५ साली जी शस्त्रक्रिया केली, ती म्हणजे 'फंडोप्लिकेशन'. तिची बीजं त्याआधीची. नाझी राजवटीमुळे बर्लिन सोडून इस्तंबूलला गेलेल्या निस्सेन यांनी तिथे एका रुग्णाच्या अन्ननलिकेचा नवा जोड सुरक्षित राहावा म्हणून त्यावर जठराचं आवरण घातलं होतं. त्या रुग्णाला पुढे जळजळीचा त्रास झाला नाही, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

रचना अशी: जठराचा वरचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या मागून पुढे आणायचा आणि टाके घालून तिच्याभोवती पूर्ण वेटोळं करायचं. बाहेरचं काही बसवायचं नाही. खरी खुबी पुढेच आहे. जठर भरलं की आतला दाब वेटोळ्यातही पोचतो. जो दाब आम्ल वर ढकलायचा, तोच आता अन्ननलिका मिटवतो.

कसब दिसतं ते टाक्यांच्या आधी. श्वासपटलातलं अन्ननलिकेचं रुंदावलेलं छिद्र आवळून झालं की सर्जन जठराचा तो फुगीर भाग दोन्ही बाजूंनी धरून अन्ननलिकेमागे इकडून तिकडे सरकवतो. या हालचालीला 'शू-शाइन' म्हणतात, बूट चमकवणाऱ्याच्या फडक्यावरून. सोडल्यावर तो मागे पळाला, तर ताण आहे. मग प्लीहेकडच्या बारीक रक्तवाहिन्या कापून त्याला आणखी मोकळं करायचं. टाके घालताना अन्ननलिकेत जाड नळी ठेवतात, ती वेटोळं करकचून बसू नये म्हणूनच.

मूळ वेटोळं लांब आणि घट्ट होतं. घास अडकायचा, ढेकर निघेना, पोट फुगायचं. पुढच्या सर्जनांनी ते साधारण दोन सेंटिमीटरवर आणलं, सैल केलं. फ्रान्सच्या आंद्रे तुपे यांनी १९६३ मध्ये ते मागच्या बाजूने अर्धवटच घेतलं. १९९१ पासून हेच काम दुर्बिणीतून होऊ लागलं. आम्ल अडवणं त्यामानाने सोपं. घास आणि ढेकर यांना वाट ठेवून ते अडवणं, हा या शस्त्रक्रियेचा खरा मोठेपणा.

तरी ती प्रत्येक पित्तवाल्यासाठी नाही. गोळ्या घेऊनही जेवण घशाशी येत असेल, तर सर्जनला जरूर भेटा. पण एंडोस्कोपी, पीएच तपासणी आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतल्या दाबाची तपासणी) झाल्याशिवाय होकार देऊ नका.